सोसायटी आणि सोबती

मीरा-भाईंदरमधील हाटकेश भागांत फिरतांना 'सोसायटी' हा शब्द पदोपदीं कानीं पडतो. 'आमची सोसायटी सात मजल्यांची', 'सोसायटीनें नोटीस लावली', 'सोसायटींत असें चालत नाहीं!' इमारत, कारभारी मंडळ आणि हुकूम, अशा तीन अर्थांचें ओझें हा बापडा शब्द वाहतो. त्याचा मूळ अर्थ मात्र कोणाच्या ध्यानीं नसतो.

लॅटिन भाषेंत 'सोशियस' म्हणजे सोबती. त्यापासून झालेल्या या नामास इंग्रजीनें संगत, संस्था, समाज, फार काय, धनिकांचें वर्तुळ, असे नाना अर्थ दिले. आमच्या वडीलधाऱ्यांनीं ते विवेकानें घेतले. १८८४ सालीं पुण्यांत निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत तो संस्थावाचक होता. नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं स्थापिलेल्या 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी'स मराठींत 'भारत सेवक समाज' हें नांव मिळालें. खेड्यांतला शेतकरी आजही पीककर्जासाठीं 'सोसायटी'कडेच जातो.

मग शहरांतच हा शब्द भिंतीचा पर्याय कां व्हावा? बिऱ्हाड शोधणाऱ्यास आधीं धर्म पुसतात, मग आहार, मग लग्न. घरकाम करणाऱ्या बाईस कित्येक ठिकाणीं लिफ्टही निराळी!

कोणी म्हणेल, १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवीस निघालेली सारस्वतांची गृहनिर्माण संस्थाही एका ज्ञातीचीच होती. होय, होती. परंतु मुंबईंत निवारा मिळविण्यासाठीं लोकांनीं एकत्र येणें निराळें आणि निवारा मिळाल्यावर दार लावून घेणें निराळें. पात्र मनुष्यास पुरेशा कारणावांचून सभासदत्व नाकारूं नये, असें १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचें २३ वें कलम सांगतें. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं गुजरातेंतील एका पारशी गृहसंस्थेचा ज्ञातीपुरता पोटनियम ग्राह्य धरला, हेंही आम्ही जाणतों. पण कायद्याची मुभा वेगळी आणि शब्दाशीं इमान वेगळें.

ज्यांस सोबती नकोत, त्यांनीं आपल्या इमारतीस खुशाल किल्ला म्हणावें. चाळ मात्र म्हणूं नये. चाळीचीं दारें दिवसभर उघडीं असत. आणि येत्या वार्षिक सभेंत 'सोसायटींत असें चालत नाहीं' हें वाक्य कोणी उच्चारलें, तर आमच्या वाचकांनीं उठून एवढेंच विचारावें: तें चालत नाहीं, तें नेमकें कोणाला?