अटकेची भाषा

'चोराला कसले आलेत हक्क?' हा सवाल तिंट्यावर हमखास ऐकू येतो. सवालातच घोटाळा आहे. पकडलेला माणूस आरोपी असतो; तो चोर की साव, हे न्यायालयाने ठरवायचे असते.

घटनेच्या कलम 22 नुसार अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगावी लागतात, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. पण कारणे सांगायची कोणत्या भाषेत?

मी सरकारी कारकून. इंग्रजी मजकुराखाली 'हंय हंय' म्हणत सही करणारी माणसे रोज बघतो. दाखल्यात चूक झाली तर एक खेप वाढते. अटकेच्या कागदावर न समजता सही केली तर माणसाला स्वतःचा बचावच करता येत नाही.

हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये स्थानबद्धतेचा आदेश रद्द केला होता. त्या माणसाला इंग्रजी येत नव्हते; त्याने कारणे हिंदीत मागितली, ती नाकारली गेली. नुसते तोंडी समजावणे पुरेसे नाही, असे न्यायालयाने बजावले. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये मिहिर राजेश शाह खटल्यात हेच तत्त्व सर्व गुन्ह्यांतल्या अटकेला लागू झाले. कारणे लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. आधी तोंडी सांगावी लागली, तरी कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास ती लेखी हाती पडली पाहिजेत. नाहीतर अटक बेकायदेशीर.

आता आपल्याकडे वळू. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले, सरकारी कामात मराठीच्या वापराचीही मुभा दिली. त्यावरून आपण अजून भांडतो आहोत. माध्यमासाठी भांडलो, फलकांसाठी भांडलो. पोलीस स्टेशनातल्या कागदासाठी मात्र कधी मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. भाषेची खरी गरज तिथेच असते. घाबरलेला माणूस, सोबत कोणी नाही आणि पुढ्यात कागद!

आणखी एक. 'समजणारी भाषा' म्हणजे आरोपीला समजणारी, आपल्याला आवडणारी नव्हे. बांधकामावरच्या कामगाराला कन्नड कळत असेल, तर त्याचा कागद कन्नडमध्येच हवा. मराठीसाठी जे मागतो, ते त्याच्या कन्नडसाठी मागायची आपली तयारी आहे का? नसेल, तर आपले भाषाप्रेम तपासून पाहायला हवे.