चौलचे बंदर पोर्तुगीजांआधीचे




‘चौलचे बंदर पोर्तुगीजांनी वसवले’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान मान्य करता येत नाही. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात नोंदवलेले सिमिल्ला म्हणजे चौलच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रशियन व्यापारी अफनासी निकितिन विकायचा घोडा घेऊन इथे उतरला तोही पंधराव्या शतकात. पोर्तुगीजांची वखार १५१६ची! रेवदंड्याचा (खालच्या चौलचा) कोट त्यांचा, हे खरे. पण वरच्या चौलचा व्यापार त्याआधीच भरभराटीला आला होता. पुढे मुंबईने व्यापार ओढून नेला, कुंडलिका नदीची खाडी गाळाने भरली, आणि मोठी जहाजे येईनाशी झाली. कोटाच्या तटाइतकीच काळजी खाडीकाठच्या या हरवलेल्या बंदराचीही घेतली जावी. तिथे आणखी उत्खनन व्हायलाच हवे.

— एक वाचक, रेवदंडा