आधी हिशोब दाखवा, मग वसुली मागा



कापसाचा भाव पडतो तेव्हा आपल्या नुकसानीचा हिशोब कोणी मांडत नाही. ज्वारीचे तर विचारूच नका. पण दोन-दोन हजारांचे हप्ते परत मागायचे झाले की नोटीस बरोबर घर शोधत येते.

पीएम-किसान योजना 2019 साली आली. वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्त्यांत. याद्या घाईने केल्या सरकारने, तपासणी मागाहून केली तीही सरकारनेच. 2021 साली संसदेत सांगितले गेले की, देशात 42 लाखांवर अपात्र लोकांना सुमारे 3,000 कोटी रुपये गेले.

ज्याने आयकर भरत असूनही जाणूनबुजून हप्ते उचलले, त्याने ते परत करावेत. त्याची वकिली आम्ही करणार नाही. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणाऱ्यांना ते शोभत नाही. प्रश्न आहे तो नियमात बसूनही नोटीस आलेल्यांचा.

आपली कितीतरी पोरे पोटासाठी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरला गेली. समजा, एक जण अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पगारातून कर कापला जातो. गावाकडे बापाच्या नावे पाच एकर कोरडवाहू. पोरगा कर भरतो म्हणून बाप अपात्र ठरतो का? नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. कमावता सज्ञान मुलगा त्यात येत नाही.

आता समजा, सातबारा पोराच्याच नावे आहे. खोलीच्या कर्जासाठी त्याने आयकराचे विवरण भरले, पण कर शून्य निघाला. नियमात 'मागील आकारणी वर्षात आयकर भरलेला' असे शब्द आहेत. विवरण भरणे वेगळे, कर भरणे वेगळे. आणि एखाद्या वर्षी कर भरलाच असेल, तर सरसकट पहिल्या हप्त्यापासूनची वसुली कशी? वर्षवार हिशोब दाखवलाच पाहिजे.

संगणक म्हणतो म्हणून ते खरे, असे समजू नका. ऑस्ट्रेलियात सरकारने वर्षाच्या कमाईची सरासरी काढून गरिबांवर मदतीच्या परतफेडीची खोटी देणी लादली. लाखो लोक भरडले गेले. शेवटी ती पद्धतच बेकायदा ठरली, सरकारला पैसे परत करावे लागले. 2023 साली चौकशी आयोगाने त्या कारभाराचे पुरते वाभाडे काढले. तिथेही लोकांनी आधी घाबरून पैसे भरले होते.

म्हणून नोटीस आली तर ती चुलीत घालू नका आणि सावकाराकडेही धावू नका. कोणत्या वर्षासाठी, कोणत्या कारणाने, किती हप्ते, हे लेखी विचारा. उत्तरासोबत सातबारा, बँकेचे पासबुक आणि आयकराचे कागद जोडा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

एकटा शेतकरी कचेरीत गेला की त्याला तलाठ्याकडून कृषी सहायकाकडे आणि तिथून पुन्हा तलाठ्याकडे पिटाळतात. पन्नास जण गेले की साहेब खुर्ची देतात. जिल्हा बैठकीला येताना आपापल्या नोटिसा घेऊन या. शहरातल्या पोरांनाही त्यांचे कागद पाठवायला सांगा.

देणे असेल तर देऊ. पण हिशोब पाहूनच देऊ.