‘उत्तम’वर खूण

जबलपूरला १९५६ साली विद्यापीठ झालं. आता ते राणी दुर्गावतींच्या नावानं ओळखलं जातं. तेव्हापासून मंडला, सिवनी, नरसिंगपूरकडच्या मुली शिकायला इथं येत आल्या आहेत. अशा मुलींच्या एका वसतिगृहाची मी काही वर्षं वॉर्डन होते. दिवाळीच्या सुट्टीआधी मी एक छापील कागद वाटत असे : ‘जेवण कसं वाटलं? उत्तम, चांगलं, साधारण.’ वर नाव आणि खोली क्रमांक. गोळा करायला मीच दारात उभी! सगळ्याजणी ‘उत्तम’वर खूण करत आणि मी तो गठ्ठा खुशीत कपाटात ठेवून देई.

एका वर्षी मंडल्याची एक मुलगी सुट्टीत घरी गेली ती परत आलीच नाही. अर्जात कारण ‘घरगुती’. तिच्या कागदावरही ‘उत्तम’च होतं. पुढे मेसचा हिशेब तपासताना तिचं पान उघडलं, तर सप्टेंबरपासून रात्रीच्या जेवणाचा रकाना रिकामा. मैत्रिणींना विचारलं. फीसाठी ती संध्याकाळी शिकवण्या करायची, परतायला साडेआठ व्हायचे आणि मेस आठला बंद. आठची वेळ मीच ठरवलेली. आणखी सहाजणींचे रकाने तसेच निघाले. उत्तर माझ्याच टेबलावर पडलेलं होतं!

पुढच्या वर्षी कागद छापण्याआधी मी आणि स्वयंपाकाच्या बाई बसलो. उत्तर आलं तर आपण काय बदलू शकतो, एवढंच आधी ठरवलं. हातात नाही ते विचारायचं नाही. नाव काढून टाकलं, पेटी ठेवली आणि पहिल्याच महिन्यात विचारलं : ‘गेल्या आठवड्यात किती रात्री जेवला नाहीत? का?’ उशिरा येणाऱ्यांची ताटं झाकून ठेवू लागलो. तसं फळ्यावर लिहिलंही. नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठी कोण टाकणार?

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ १९९४ साली बंगळूरला स्थापन झाली. तिच्या २०१७च्या पद्धतीत सात निकष होते, पाचवा विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा; शिवाय थेट विद्यार्थ्यांची समाधान-पाहणीही होती. चांगलंच आहे. पण समिती यायच्या आठवड्यात भिंतींबरोबर फायलीही रंगतात, हे कुणाला ठाऊक नाही?

आपली मुलगी वसतिगृहात असेल तर ‘जेवण कसं असतं?’ असं विचारू नका. काल रात्री काय जेवलीस, कितीला जेवलीस, ते विचारा.

त्या मुलीला मी पत्र टाकलं होतं. उत्तर वडिलांचं आलं. तिचं लग्न ठरलं होतं.