जुना ख्रिस्ती व नवा ख्रिस्ती

नाताळच्या उपासनेत शास्त्रवाचन करण्यासाठी विद्यार्थी निवडण्याचे काम एका वर्षी मजकडे होते. मी चार नावे लिहिली, आणि ती चारही आमच्या मंडळीतील जुन्या घराण्यांतील निघाली. हे मी हेतुपुरस्सर केले असे नाही. लेखणी आपली परिचित वाटेने चालली इतकेच. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेला एक विद्यार्थी, ज्याचे वाचन वर्गात सर्वांहून शुद्ध होते, सायंकाळी मजजवळ आला व नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, माझा बाप्तिस्मा जुना होण्यास किती वर्षे लागतील?" मी निरुत्तर झालो. त्याला तेव्हा न दिलेले उत्तर आज विद्यार्थी व पालक या उभयतांसमोर मांडीत आहे.

मी स्वतः तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. आमच्या आजोबांनी विश्वासासाठी भाऊबंद सोडले, वडिलोपार्जित घर सोडले. त्याचा मला अभिमान वाटतो व तो वाटावाही. परंतु सोसले ते आजोबांनी. मला सारे आयते मिळाले. ज्या दिवशी आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी तेही नवखेच होते. तेव्हा खऱ्या अर्थाने आजोबांच्या पंक्तीस बसण्याचा मान कोणाचा, माझा की त्या मुलाचा?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. पहाटे कामावर लागलेल्यांस व दिवस मावळण्यापूर्वी अवघा एक तास राबलेल्यांस धन्याने सारखीच मजुरी दिली. पहिल्यांची कुरकूर कशाबद्दल होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. ठरल्यापेक्षा त्यांस एक कवडीही कमी मिळाली नव्हती. दुसऱ्यास आपल्या बरोबरीचे केले, हेच त्यांचे दुःख!

हे दुःख प्रेषितांच्या काळीही होते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीस जेवत असे. परंतु यरुशलेमेहून काही मंडळी येताच त्यांच्या भयाने तो वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. पंक्तिभेद म्हणजे काय, हे आम्हा महाराष्ट्रीयांस निराळे समजावून सांगणे नलगे. जो भेद मागे टाकून आमचे पूर्वज आले, तोच 'मूळचे' व 'नवे' या नावांनी देवळात पुन्हा शिरत असेल, तर त्यांचे सोसणे व्यर्थ गेले म्हणावयाचे.

यावर कोणी म्हणेल की, नवख्या शिष्यास अध्यक्ष करू नये असे पौलच तीमथ्यास लिहितो. होय, लिहितो, आणि तो गर्वाने फुगू नये म्हणून, असे कारणही देतो. तो नियम अधिकारपदाचा आहे, योग्यतेच्या पायरीचा नव्हे. आणि गर्व हेच जर भय, तर जुन्यांनीही स्वतःस तपासून पाहावे.

आपल्याच भाषेतील उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला, तेव्हा त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. दोघेही नवख्रिस्ती. तरी मराठी मंडळ्या आजही टिळकांची गीते गातात, आणि त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. आपला बाप्तिस्मा जुना होईपर्यंत थांबा, असे त्यांस कोणी सांगितले असते व त्यांनी ते ऐकले असते, तर आमच्या उपासना किती मुक्या राहिल्या असत्या!

म्हणून पालकांस विनंती की, मुलाने नवा मित्र घरी आणला असता 'तुमचे मूळचे कोणते?' हा प्रश्न प्रथम विचारू नये. प्रथम पाट मांडावा. जुनेपणाने मान वाढत नाही, जबाबदारी मात्र वाढते: वाट आधी चाललेल्याने मागून येणाऱ्यास हात द्यावा.

त्या मुलास माझे उत्तर हे: बाळ, तुझा बाप्तिस्मा जुना होण्याची काहीच गरज नव्हती. माझाच नवा होणे अवश्य होते. नाताळच्या सकाळी पहिले वाचन त्यानेच केले, आणि मी मागील बाकावर बसून ऐकले.