हेडफोन महाग नको, रबर नीट बसवा



मागच्या रविवारी आमच्या स्टाफमधला एक हवालदार खोलीवर आला. चंदगडकडचा पोरगा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. हातात डबी. ब्लूटूथचे इअरबड्स, सहा हजार नऊशेचे, नऊ महिन्यांच्या हप्त्यावर. घरी बायकोला दोन हजार सांगितलेत, हे वर.

"साहेब, ऐका तर खरं. बास बघा नुसता!"

मी ऐकलं. छातीत धपधप झालं. मग मी म्हटलं, जरा किशोरीताईंचा भूप लाव. लावला. तानपुरा कुठे आहे ते शोधायला दुर्बीण लागली असती. खालचा सगळा आवाज फुगवून ठेवलेला. बाईंचा गळा गोधडीच्या आतून येतोय असं वाटत होतं. मी माझे वायरवाले काढून त्याच्या हातात दिले. सातशे रुपयांचे, चिनी, दोन वर्षं वापरातले. त्याने कानात कोंबले, दहा सेकंदांत काढले. "ह्यात तर बासच नाही साहेब. डब्यात बोलल्यागत वाटतंय."

खरं होतं त्याचं. त्याच्या कानात तसाच येत असणार. माझ्या कानाचं भोक लहान, मी छोटे रबर लावलेले. त्याचा कान मोठा. मी ड्रॉवरमधून मोठे रबर काढले, बदलून दिले, म्हटलं आता घाल. त्याने घातले आणि गप्प झाला. एक अख्खा आलाप गप्प. मग म्हणाला, "हे तेच आहेत का?"

तेच होते. त्या दिवसापासून माझं डोकं तापलंय, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे, आणि फौजेत तर जास्तच, एक समजूत घट्ट बसली आहे: आवाज चांगला हवा तर पैसे मोजा. स्वस्त म्हणजे भंगार. कॅन्टीनच्या रांगेत हेच, आपल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर हेच, यूट्यूबवर डबी उघडून दाखवणारी पोरंही हेच सांगतात (त्यांना डबी फुकट मिळालेली असते, हा भाग वेगळा). माझं म्हणणं सरळ आहे. स्वस्त हेडफोनचा आवाज बहुतेक वेळा कंपनी बिघडवत नाही, आपण बिघडवतो. आणि तो सुधारायला सात हजार लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

कानात घालायचा इअरफोन म्हणजे एक इवलासा पडदा आणि तुमच्या कानाची बंद नळी. ही नळी बंद असेल तरच खालचे सूर, म्हणजे तबल्याचा डग्गा, खर्ज, ढोलकीची धूम, पडद्यापर्यंत पोचतात. रबर आणि कान यांच्यात सुईएवढी फट राहिली तरी ते सूर तिथूनच निसटतात आणि उरतो नुसता चिरका वरचा आवाज. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो. चिरकं अजून चिरकं होतं, डोकं दुखतं, आणि शिवी बसते कंपनीला.

डबीत तीन मापांचे रबर येतात. शंभरातल्या किती जणांनी ते लावून पाहिलेत? मधलं माप कारखान्यातून लागून येतं, तेच जन्मभर राहतं, बाकीचे दोन डबीबरोबर कचऱ्यात. अरे, बूट घेताना आठ नंबरचा पाय सातमध्ये घालता का? शिवाय दोन्ही कान सारखे नसतात. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठं लागलं तर लाजायचं कारण नाही. घालायची रीतही आपल्याला आधीच माहीत आहे. रेंजवर फोमचा प्लग कसा घालतात? दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग प्लग आत सरकवायचा. तसंच इथे. वायर कानामागून घ्यायची सोय असेल तर घ्या, म्हणजे वजनाने खाली ओढत नाही. बसलं की नाही हे कळायला तानपुरा लावा. खालचा षड्ज भरून, दोन्ही बाजूंना सारखा आला आणि पंख्याची घरघर दबली, की बसलं. रबर हरवले असतील तर जयस्तंभ चौकाजवळच्या रवी भवनात मोबाईलच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. चहा-भजीच्या पैशात येतात.

आता पैशाचं. २०१७ साली येरून ब्रीबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनचं मोजमाप करून किंमत आणि आवाजाचा तोल यांचा काही संबंध लागतो का ते पाहिलं. लागला नाही. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात ते छापून आलंय. महाग हेडफोन वाईट असतात असं त्याचं म्हणणं नाही, माझंही नाही. किमतीचा आकडा वाचून आवाज कसा असेल ते सांगता येत नाही, एवढंच. जादा पैशात तुम्ही दुसऱ्या गोष्टी घेता. बाहेरचा गोंगाट मारायची यंत्रणा, बिनवायरची सोय, चांगला माईक, मऊ गादी, आणि नाव. हव्या असतील तर जरूर घ्या. पण "आवाज" म्हणून घेऊ नका.

तसं बघितलं तर आज आपण वापरतो त्या हेडफोनचा पूर्वज स्वयंपाकघरात जन्मला. १९१०च्या सुमारास अमेरिकेतल्या युटाह राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने घरच्या किचनमध्ये ते हातांनी बनवले आणि अमेरिकन नौदलाला पाठवले. नौदलाने ते घेतले, कारण त्यात ऐकू नीट येत होतं. पहिलं मोठं गिऱ्हाईक वर्दीवालंच, बघा.

आता बासच्या वेडाकडे येतो. रायपूरला यायच्या आधी मला वाटायचं आपल्याकडचे गणपतीचे डीजे म्हणजे हद्द. इथे धुमाल नावाचा प्रकार आहे. ताशे, ढोल, कीबोर्ड आणि गाडीभर भोंगे. गणपतीच्या झांकीच्या रात्री खिडकीची तावदानं थरथरतात. कायद्याप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, २०००च्या नियमांत लिहिलेली. ती कागदावर शांत झोपलेली असते. अशा आवाजात वाढलेल्या पोराला छातीत धपका बसला नाही तर गाणं झालं असं वाटतच नाही. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून स्वस्तातले बरेच इअरबड्स मुद्दाम तसे बनवतात. दुकानात पंधरा सेकंद ऐकलं की वाहवा, घरी पंधरा मिनिटं ऐकलं की कान जड.

याच रायपूरपासून तासाभराच्या अंतरावर भिलाईजवळ गनियारी हे तीजनबाईंचं गाव. २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या पंडवानीच्या तीजनबाई. त्यांचं रेकॉर्डिंग लावा. हातातला तंबुरा, मागचा तबला आणि भीम बोलायला लागला की फुटणारा तो आवाज. फुगवलेल्या बासमध्ये तंबुऱ्याची तार पार बुडते. माझ्या सातशेवाल्यात ती बोटाने मोजता येते.

ज्यांच्याकडे धपधपवाला इअरफोन आधीच आहे त्यांनी फेकायची गरज नाही. फोनच्या इक्वलायझरमध्ये जाऊन खालच्या दोन पट्ट्या तीन-चार डेसिबल खाली करा. वरच्या पट्ट्या वर ढकलू नका, आवाज फाटतो. नियम असा: जे जास्त आहे ते कापा, जे कमी वाटतंय ते वाढवू नका. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं एक अ‍ॅप आहे. त्यात हजारो हेडफोनची मोजमापं आधीच भरलेली आहेत, याक्को पासानेन नावाच्या माणसाच्या ऑटो-ईक्यू प्रकल्पातून आलेली. आपलं मॉडेल निवडलं की तोल ते स्वतः लावतं. आमच्या हवालदाराचं मॉडेल त्यात निघालं. सहा हजार नऊशेचे आता माझ्या सातशेच्या बरेच जवळ पोचलेत, असं म्हणून मी त्याला अजून छळतो.

आणि गाणं कुठून ऐकता ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर सतरा जणांकडून फिरून आलेलं गाणं लाखाच्या हेडफोनवरही पत्र्यासारखंच वाजणार. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये क्वालिटीचा पर्याय असतो, तो डेटा वाचवण्यासाठी खाली ठेवलेला असतो. वर करा. मात्र गीतरामायण लावून "दोन कानांत वेगळं काही येत नाही" म्हणून तक्रार करू नका. ते १९५५-५६ मधलं पुणे आकाशवाणीचं काम आहे, एकाच वाटेने रेकॉर्ड झालेलं. बाबूजींचा आवाज डोक्याच्या मधोमध येतो, आणि तो तसाच यायला पाहिजे.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते.

माझा डावा कान कमी आहे. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान बॅरलच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. अठरा वर्षांच्या फायरिंगने त्याचं काम चोख केलं. वार्षिक मेडिकलला डॉक्टर वीस फुटांवरून बोलतात, तेव्हा कितीतरी वर्षं मी अंदाजाने उत्तरं देऊन पास झालो. शेप-वनमधला एच जाऊ नये म्हणून! शेवटी ऑडिओमेट्री झाली, तेव्हा कागदावरची रेघ ४००० हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. गोळ्यांचा मार खाल्लेल्या कानाची ही ओळखखूण आहे. त्या पट्टीत बोलण्यातला स, त, क, फ ऐकू येतो. मुलगी फोनवर बोलते तेव्हा तिचे शब्द मी निम्मे ओळखतो आणि निम्मे जुळवतो. रात्री खोली शांत झाली की डाव्या कानात रातकिडा सुरू होतो. रायपुरात रातकिडे भरपूर, पण हा बारमाही आहे.

भरती झालो त्या काळात रेंजवर प्लग घालणाऱ्याला आम्ही हसायचो. फार तर सिगारेटचं फिल्टर नाहीतर कापूस. कापसाने काही थांबत नाही. रायफलचा आवाज कानापाशी दीडशे डेसिबलच्या वर जातो. नीट बसवलेला फोमचा प्लग त्यातले वीस-पंचवीस खातो. किंमत चार-पाच रुपये. आणि तोही बसवावा लागतो, नुसता अडकवून चालत नाही. अगदी इअरफोनच्या रबरासारखा.

म्हणून माझा राग त्या सहा हजार नऊशेंवर आहे. जो कान वाचवायला आपण पाच रुपये खर्च केले नाहीत, त्याच कानात सात हजार घालतो, आणि ऐकू कमी येतं म्हणून व्हॉल्यूम शेवटच्या काडीपर्यंत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब साधा आहे. ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८९ला पाच तास. ९८ला आठवड्यात जेमतेम सदतीस मिनिटं. फोनचा आवाज पूर्ण केला तर बरेच इअरफोन ह्या शेवटच्या आकड्याच्याही पुढे जातात.

यावर ग्रुपवरचे एक रिटायर्ड सुभेदार मेजर साहेब म्हणाले, "आता उरलंय काय वाचवायला? आपल्याला मोठा आवाजच लागतो." साहेब, तुमचा मान ठेवून सांगतो, उरलंय तेच वाचवायचंय. एका कानाला कमी येत असेल तर फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये बॅलन्सची पट्टी असते. ती थोडी सरकवा, पण कमजोर कानात आवाज ठासू नका, चांगल्या कानाचा थोडा उतरवा. तिथेच मोनोचा पर्याय असतो, म्हणजे डाव्या बाजूला वाजणारी पेटी हरवत नाही. आणि ईसीएचएसमधून श्रवणयंत्र मिळतं, ते घ्यायला लाजू नका. चष्मा लावताना लाजलो होतो का आपण?

एक गोष्ट मान्य करतो. आझाद हिंदने रायपूरहून पुण्याला जाताना स्लीपरमध्ये गोंगाट मारणारा महागडा हेडफोन सुखाचा वाटेल. पण घट्ट बसलेलं रबरही गाडीचा खडखडाट पुष्कळ दाबतं, त्यामुळे आवाज कमी ठेवूनही गाणं कळतं, आणि त्याला चार्जिंग लागत नाही. ब्लूटूथवाल्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, मग सात हजारांचा खुळखुळा. वायरवाल्याची वायर तुटते हे खरं. म्हणून वायर निघणारं मॉडेल घ्या, दोनशेत नवी येते. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा जोड मिळतो.

पुढच्या आठवड्यात कॅडेट्सचं फायरिंग आहे. मी दोनशे प्लग मागवलेत. कानात कसे घालायचे ह्याचा अर्ध्या तासाचा क्लास तो हवालदार घेणार आहे. घरी त्याने खरी किंमत अजून सांगितलेली नाही. आणि माझे सातशेवाले, मोठ्या रबरांसकट, अजून त्याच्याकडेच आहेत.