विश्लेषण : कोळसा संपल्यावर गावांचे काय? जर्मनीतील लाउझित्सचा प्रयोग कुठे अडतो आहे?

कोळशावरील वीजनिर्मिती २०३८पर्यंत थांबवण्याचा कायदा जर्मनीने २०२०मध्ये केला. त्याच वर्षी कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतच्या मदतीचा कायदाही झाला. यातील सर्वांत मोठा वाटा पोलंडच्या सीमेलगतच्या लाउझित्स भागाला आहे. पैसा आहे, वेळ आहे. तरीही तेथील लोक धास्तावलेले का आहेत?

भीती कशाची?
ही भीती एकदा खरी ठरलेली आहे. पूर्व जर्मनीच्या काळात येथील लिग्नाइट उद्योगात ८० हजारांच्या घरात लोक कामाला होते. १९९०च्या एकीकरणानंतर काही वर्षांतच खाणी आणि कारखाने धडाधड बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले. आज या उद्योगात दहा हजारांहूनही कमी कामगार उरले आहेत.

या वेळी वेगळे काय?
खाण बंद होण्याआधीच पर्यायी काम उभे करायचे, हा मुख्य फरक. कॉटबस शहरात वेगवान आयसीई गाड्यांच्या देखभालीचा रेल्वे कारखाना जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला. तेथे १,२०० नोकऱ्यांचे उद्दिष्ट आहे. खाणीतला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन थोड्या प्रशिक्षणानंतर तेथे सामावू शकतो, म्हणून हा प्रकल्प सर्वांत नेमका वाटतो. याच निधीतून बालवाड्या आणि रस्तेही झाले. ते हवेतच, पण त्यातून कोळशाएवढे पगार मिळणार नाहीत, ही टीका रास्त आहे.

पाण्याचा तिढा काय?
खरी अडचण जमिनीखाली आहे. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचायचे तर भूजल सतत उपसावे लागते. लाउझित्समध्ये हे पाणी अनेक दशके श्प्रे नदीत सोडले गेले आणि नदी खाणींवरच पोसली गेली. खाणी थांबल्या की उपसा थांबणार. वर रिकामे खड्डे भरायलाही त्याच नदीचे पाणी लागणार. कोरड्या उन्हाळ्यात श्प्रेचा प्रवाह काही ठिकाणी ७५ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असे जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या २०२३च्या अहवालात म्हटले आहे. हीच नदी पुढे बर्लिनला जाते आणि राजधानीचा पाणीपुरवठाही तिच्याशी जोडलेला आहे.

शिवाय भूजल पुन्हा वर चढताना उकरलेल्या मातीतील पायराइटपासून तयार झालेले लोह आणि सल्फेट सोबत आणते. त्यामुळे ओढे तपकिरी होतात, तलाव आम्लधर्मी बनतात आणि त्यांत चुना टाकावा लागतो. कॉटबसजवळच्या जुन्या खाणीत सुमारे १९ चौरस किलोमीटरचा तलाव भरण्यास २०१९मध्ये सुरुवात झाली, पण नदी आटली की पाणी सोडणे थांबवावे लागे. पर्यटनाच्या जाहिरातीतली निळी चित्रे पाहताना हे सहसा कळत नाही.

राजकीय परिणाम?
कोळसाबंदीला विरोध करणारा ‘एएफडी’ पक्ष फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत या भागात पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यामागे स्थलांतरासारखे इतर मुद्देही होते.

विदर्भाशी संबंध काय?
भारतात कोळसाबंदी ठरलेली नाही. उलट २०२४-२५मध्ये उत्पादन १०० कोटी टनांवर गेले. मात्र चंद्रपूर-वणी पट्ट्यातील वेकोलिच्या जुन्या खाणींमधला कोळसा कधीतरी संपणारच. २००९पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी स्वतंत्र खात्यात रक्कम ठेवणे बंधनकारक आहे. ही रक्कम हेक्टरी हिशेबाने ठरवण्यात आली. खाणीवर पोट असलेले ट्रकचालक, गॅरेजवाले आणि खानावळवाले त्या हिशेबात बसत नाहीत.